नेरिस कॉलेजची कोरी पाटी

१२ एप्रिल, रविवार

ही डायरी मला ह्यू रॉलंडने फुकट दिली. ह्यू आमच्या गावचा अंत्यसंस्कारवाला. पंचाहत्तरी उलटलेल्या प्रत्येकाला तो नाताळात एक डायरी देतो आणि देताना आपुलकीने तब्येत विचारतो. धंदा करावा तर असा. आजपर्यंतची पानं मी कोरी ठेवली, कारण लिहिण्याजोगं काही घडलं नव्हतं. आज घडलं.

चॅपेलहून आल्यावर आम्ही मायलेकी जेवायला बसलो होतो. बटाटे वाढून घेता घेता नेरिस म्हणाली, "आई, सप्टेंबरपासून मी विद्यापीठात जाणार आहे. पूर्णवेळ. भूगर्भशास्त्र शिकायला."

"पुन्हा?"

तिचे कान लाल झाले. "पुन्हा म्हणजे… हो. तसंच काहीतरी."

"एक पदवी असताना दुसरी कशाला? पहिलीची धूळ पुसायला तरी तुला वेळ होतो का?"

तिने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि बटाटे खाऊ लागली. फोटोत ती काळा झगा घालून, हातात कागदाची गुंडाळी धरून उभी आहे. झगा चॅपेलच्या गायकवृंदाचा आहे आणि गुंडाळी म्हणजे भजनांचा कागद, पण काचेतून ते कळत नाही.

नेरिस सेहेचाळीस वर्षांची आहे. शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांना जेवू घालते. आता तिला दगड शिकायचे आहेत. या वेल्श डोंगरातल्या नांत एरिन गावात दगडाशिवाय दुसरं आहे काय? तिच्या बापाने उभा जन्म पाटीच्या दगडाच्या खाणीत काढला. एम्रिस गेला तेव्हा त्याच्या फुफ्फुसात निम्मा डोंगर होता. दगड आम्हाला फुकट येऊन मिळाला, तो विकत शिकायचा म्हणे.

१५ एप्रिल

विचार बदलला. दोन पदव्या असलेली मुलगी गावात कुणाचीच नाही. शेजारच्या मॉर्विदचा आलेद दंतवैद्य आहे, तोही एकाच पदवीवर.

गावात नेरिस प्रिचर्ड तीन आहेत. बेकरीवाली ती नेरिस पाव, गाडी चालवते ती नेरिस बस, आणि आमची नेरिस कॉलेज. हे नाव तिला गावाने दिलं. मी फक्त सुचवलं होतं.

आणि ते खोटं का म्हणून असावं? संध्याकाळच्या वर्गांना जाऊन अर्धवेळ पदवी घ्यायला लोकांना सहा सहा वर्षं लागतात. नेरिसने दोन वर्षांत संपवलं. तेही एम्रिसचा दम वाढला त्या वर्षी. दर मंगळवारी आणि गुरुवारी ती त्याला गाडीने किनाऱ्यावरच्या इस्पितळात न्यायची. वर्गही मंगळवारी आणि गुरुवारीच असायचे. दोन्ही कसं जमवलं देव जाणे. गाडी लहान होती, पण ती वेगाने चालवायची.

२० एप्रिल

पैशांचं विचारलं. सरकारच्या विद्यार्थी कर्ज कचेरीत अर्ज केलाय म्हणाली. वर डोंगराकडे तिच्या घरी मोबाइल लागत नाही, म्हणून अर्जात माझा नंबर दिला आहे.

"फोन आला तर फक्त नाव आणि नंबर लिहून घे, आई. काही बोलू नकोस."

"मी कधी काही बोलते?"

तिने माझ्या कपाळाचा मुका घेतला. 

"तू आधी शिकलीयस हे लिहिलंस ना?"

"लिहिलंय. अर्धवेळ शिकलेलं ते सहसा मोजत नाहीत. अडचण नाही यायची."

मोजत नाहीत. दोन वर्षं पोरगी थंडीपावसात डोंगर उतरून गेली आणि सरकार म्हणतं, मोजत नाही.  मी ते मनात ठेवलं.

६ मे

कर्ज कचेरीचा फोन आला. वेल्शमध्ये बोलायचं असेल तर एक दाबा म्हणाले, मी दाबला. शॉन नावाचा पोरगा होता. आवाजावरून चांगल्या घरचा.

"नेरिस प्रिचर्ड आहेत का?"

"मी तिची आई."

"मग मला तुम्हाला काही सांगता येणार नाही."

"तुम्ही नकाच सांगू. मी सांगते."

आणि सांगितलं. माझी मुलगी काही अशीतशी नाही. कॉलेज तिने आधीच संपवलंय, अर्धवेळ जाऊन, दोन वर्षांत, बाप आजारी असताना. तुम्ही ते मोजत नसाल तर मोजायला लागा.

त्याने विचारलं, "म्हणजे पदवी आहे त्यांच्याकडे?"

"पदवी नाही तर काय, पावशेर लोणी?"

पलीकडे टकटक ऐकू आली. लिहून घेत होता. "धन्यवाद, बाई," म्हणाला. फार अदबीने.

काम सोपं करून दिलं असं वाटतं. ज्याच्या कुरणात मेंढ्या दिसतात त्यालाच बँक आणखी मेंढ्यांसाठी पैसे देते. रिकाम्या कुरणाकडे बघून कोण देतं?

८ मे

नुसत्या बोलण्यावर कचेऱ्या विश्वास ठेवत नाहीत, म्हणून पुरावाही पाठवला. आमच्या गावपत्रात चॅपेलची खबरबात कित्येक वर्षं मीच लिहिते. त्यातलं त्या वर्षीचं कात्रण: 'नेरिस प्रिचर्ड हिने या महिन्यात कॉलेज संपवलं. तिचं मनःपूर्वक अभिनंदन. चॅपेलच्या सभागृहात चहापान झालं. उपस्थिती उत्तम.' सोबत माझ्या सहीचं दोन ओळींचं पत्र.

नेरिसला सांगितलेलं नाही. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, असं शास्त्रच सांगतं.

९ जून

नेरिस आली ती कोट न काढताच खुर्चीत बसली. कर्ज नाकारलं. तुमच्याकडे आधीच पदवी असल्याची माहिती आमच्याकडे आली आहे, म्हणून दुसऱ्या पदवीसाठी कर्ज देता येत नाही, असं पत्र.

"आई, कुणीतरी त्यांना कळवलंय."

"कुणी?"

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "माहीत नाही."

मला माहीत आहे. मॉर्विद. टपाल कचेरी बंद होईपर्यंत हीच ती चालवायची, अजून सगळे तिला मॉर्विद टपाल म्हणतात. कुणाचं पत्र कुठून आलं हे तिला पाकिटाच्या वासावरून कळतं. दोन पदव्या तिला बघवणार नाहीतच.

तरी मी म्हणाले, "पण सरकारने पदवी मान्य केली, हे बरंच झालं की."

नेरिसने कपाळ टेबलावर टेकवलं. "आई, पदवी असली की पैसे मिळत नाहीत."

"म्हणजे शिकलेल्याला नाही आणि न शिकलेल्याला हो?"

"हो."

"कुठलं सरकार हे?"

"आपलंच."

"नुसतं अर्धवेळ शिकून सोडून दिलेल्याला?"

"त्याला मिळतात." हे तिने टेबलाला सांगितलं.

मी म्हणाले, मग आळशी लोकांची चैन आहे.  तिने तोंड उघडलं, फोटोकडे पाहिलं, आणि त्याच तोंडाने चहा प्यायली.

"नाहीच दिलं तर?"

"तर जागा जाईल. आणि शाळेत मी संपवलंय, आई. जुलैअखेरपर्यंतच आहे तिथे. माझ्या जागी बाई पण घेतली त्यांनी."

 दगड नाहीत, पोरांची जेवणं नाहीत. सेहेचाळिसाव्या वर्षी ती घरी बसणार, आणि कशामुळे, तर हुशारीमुळे.

११ जून

मॉर्विदशी बोलणं बंद केलं.

२० जून

मॉर्विदशी बोलत नाहीये हे मॉर्विदच्या अजून लक्षात आलेलं नाही. तीच बोलत असते.

२३ जून

पाद्री एलिस येऊन गेले. गावपत्राचे ते अध्यक्ष. नेरिस त्यांना भेटली असावी. मनुकांच्या पावाचा एक तुकडा खाऊन होईपर्यंत हवेबद्दल बोलले. दुसऱ्या तुकड्याला म्हणाले, "एलिनेद, ती एक जुनी बातमी होती ना… नेरिसची. त्या कचेरीला तिचा खुलासा हवाय. कॉलेजचं पत्र नेरिसने दिलंय, पण कात्रण वेगळं बोलतं आणि पत्र वेगळं. ज्याने बातमी लिहिली त्याच्याकडून चार ओळी हव्यात."

"बातमी मी लिहिली. स्वच्छ आहे. खुलासा कसला?"

"एखादा शब्द असतो… लिहिणाऱ्याच्या मनात एक आणि…"

"कुठला शब्द?"

"संपवलं."

"त्यात न कळण्यासारखं काय आहे?"

त्यांनी फोटोकडे पाहिलं. फोटोकडे हल्ली सगळेच पाहतात. मग तिसरा तुकडा हातात घेऊन ते उठले. पाद्रीबुवांना वयोमानाने सुचेनासं झालंय. चौतिशीत लवकरच सुरू झालं म्हणायचं.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. कात्रण कचेरीत पोचलंय हे त्यांना माहीत होतं. ते पाठवणाऱ्याचं नाव त्यांनी विचारलं नाही.

३ जुलै

कपडे वाळत घालत होते. भिंतीपलीकडून मॉर्विद सुरू झाली.

"ऐकलंस का, एलिनेद? आमच्या मेगनने त्या सुताराशी संपवलं."

न बोलण्याचं व्रत मोडावं लागलं. भाचीच्या लग्नाची बातमी होती; बोलणी संपवून पक्कं केलं असणार. "लग्न कधी आहे?"

"लग्न कसलं आलंय? सोडलं त्याला. सामान बाहेर ठेवलं त्याचं."

"मग संपवलं काय म्हणतेस?"

"मग काय म्हणू? आणि खालच्या आळीतल्या दाविदने खाणीत संपवलं."

"निवृत्त झाला?"

"मुकादमाशी भांडून निघाला. अगं, तुला झालंय काय आज? संपवलं म्हणजे सोडलं. खाण खणून संपवली असं वाटलं का तुला? सगळा गाव असंच बोलतो. तूच बोलतेस. 'एम्रिसने त्या वसंतात खाणीत संपवलं,' असं तूच सांगतेस दरवेळी."

मी चिमटे टोपलीत टाकले आणि आत आले. चादर तशीच अर्धी लटकत राहिली.

कॉलेजची ती बातमी आली त्या दिवशी मी कणीक मळत होते. नेरिस दारात उभी होती, गाडीची किल्ली हातात. "आई, मी कॉलेज संपवलं," म्हणाली. मी हात पुसून फोन उचलला. "आई, थांब," असं ती म्हणाली होती. हे मला आज आठवलं. पण तोवर पलीकडे मॉर्विदने फोन घेतला होता.

मंगळवार आणि गुरुवार. इस्पितळातून एम्रिसची प्राणवायूची नळी काढून दोघं परत यायचे तेव्हा तो गाडीतच झोपलेला असायचा. कितीही वेगाने चालवली तरी गाडी एका वेळी एकाच ठिकाणी असते.

४ जुलै

बटाटे आणले. ओले निघाले.

५ जुलै, रविवार

चॅपेल. प्रवचनाचा विषय गर्व. पाद्रीबुवा पूर्ण वेळ छताकडे बघत होते. छताला काही झालेलं नाही.

७ जुलै

मॉर्विदने काहीही कळवलं नव्हतं. कुणी कळवलं ते मला आता माहीत आहे. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण ती म्हातारी आहे आणि तिचा हेतू चांगला होता.

पाद्री एलिसना गाठून विचारलं, चार ओळी कशा हव्यात. ते म्हणाले, "साधी चिठ्ठी चालेल. बंद पाकिटात. गावात कुणाला कळायचं कारण नाही."

दयाळू माणूस आहे. सुटल्यासारखं वाटलं. घरापर्यंत वाटलं.

८ जुलै

बंद पाकिटाचा विचार केला आणि त्यातला घोटाळा लक्षात आला. समजा चिठ्ठी गेली, कर्ज मिळालं, नेरिस शिकली, खरी पदवी मिळाली. गावाच्या हिशेबी ती दुसरी. दुसऱ्या पदवीला कोण चहाला येतं? मॉर्विद म्हणेल, "आणखी एक का?" आणि घरी बसेल. पोरीची पहिली पदवी मी आधीच खाऊन बसलेय. चमचाभर साखर घालून, सभागृह भाड्याने घेऊन.

बातमी छापील होती. खुलासाही छापील हवा. गावपत्राचा मजकूर दहा तारखेला जातो.

लिहायला बसले. 'वार्ताहराची चूक झाली,' असं लिहिलं. खोडलं. चूक झालेली नाही. शब्द बरोबरच होता.

९ जुलै

मजकूर तयार. इथे उतरवून ठेवते.

'खुलासा. काही वर्षांपूर्वीच्या अंकात, नेरिस प्रिचर्ड हिने कॉलेज संपवलं, अशी बातमी आली होती. ती अचूक होती. तिने वडिलांच्या आजारपणात त्यांना इस्पितळात नेण्यासाठी कॉलेज संपवलं, म्हणजे गावात सगळे म्हणतात त्या अर्थाने संपवलं. तिला पदवी मिळालेली नाही. काही वाचकांनी घाईने दुसरा अर्थ काढला आणि चहापानाला येऊन केकचे तीन तीन तुकडे खाल्ले, याचं वार्ताहराला वाईट वाटतं. केक परत मागण्यात येणार नाही.'

स्वतः नेऊन दिला. पाद्रीबुवांनी दोनदा वाचला आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. खांदे हलत होते. सर्दी असेल.

१ ऑगस्ट

गावपत्र आलं. मी दार लावून घेतलं.

पहिली थाप मॉर्विदची. "तीन नाही, एलिनेद. दोनच खाल्ले होते मी. पुढच्या अंकात खुलाशाचा खुलासा छाप."

"तुझं नाव कुठे लिहिलंय त्यात?"

"गावात तीन तुकडे खाणारं दुसरं कोण आहे?"

मी म्हणाले, बघते. मग ती म्हणाली, "मंगळवारी-गुरुवारी ती त्याला न्यायची ते मी टपाल कचेरीतून बघायची. मला वाटायचं, तुला माहीत आहे." आणि अर्ध्या डझन अंड्यांची पिशवी देऊन गेली. अंड्यांचं कारण सांगितलं नाही.

नेरिस उशिरा आली. अंक हातात होता. पायरीवरच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग नुसतंच पाणी येत राहिलं. मी शेजारी बसले. ही पायरीही पाटीच्या दगडाचीच. थंड असते.

"तुला कधी कळलं, आई?"

"मला काय कळायचंय? शब्द मीच लिहिला होता."

"हो. खरंच."

"तू इतकी वर्षं का नाही सांगितलंस?"

"तू फोनवर होतीस."

 मी विचारलं, "ते मंगळवारचे वर्ग चुकले, त्यात काय शिकवत होते?"

"इतिहास होता. आठवत नाही आता." तिने अंकाची घडी घातली. "बाबा जाताना गाडीत बसल्या बसल्या दगडांची नावं सांगायचे. प्रत्येक वळणाला. हा थर कुठला, तो वाकडा का, यात शिंपल्याचा ठसा कसा आला. दम लागायचा, पण थांबायचे नाहीत. मला कधी वर्ग चुकला असं वाटलंच नाही."

माझ्याशी तो कधी दगडांबद्दल काही बोलला नाही. मी विचारलं नसेल.

"चहापान छान झालं होतं मात्र," नेरिस म्हणाली.

१२ ऑगस्ट

खुलाशाचा अंक कर्ज कचेरीला गेला. मी पोस्टात टाकला नाही. नेरिसने माझ्या हातातून पाकीट काढून घेतलं आणि स्वतः टाकलं.

२८ ऑगस्ट

अजून काही नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात नवी बाई सुट्टी संपली की रुजू होणार. पातळ रस्सा करते म्हणे. नेरिस दिवसभर घरी भिंती रंगवते. तीच खोली दुसऱ्यांदा.

२ सप्टेंबर

फोन वाजला.

"नेरिस प्रिचर्ड आहेत का?" शॉन.

"नाही. मी तिची आई."

 मग तो म्हणाला, "बाई, कृपा करून काही बोलू नका."

"मी कुठे काही बोलतेय?"

"मलाही तुम्हाला काही सांगता येत नाही. फक्त एक निरोप. त्यांनी त्यांचं खातं उघडून बघावं. आजच बघावं." आणि जरा थांबून, "केकबद्दलचं आमच्याकडे सगळ्यांनी वाचलं."

चढ चढून गेले. मधल्या बाकावरही बसले नाही. नेरिस शिडीवर होती. मी निरोप दिला. त्यात माझा एकही शब्द घातला नाही. आयुष्यात प्रथमच.

कर्ज मंजूर. बापाने उभा जन्म पाट्या काढल्या, आणि पोरीची पाटी कोरी निघाली म्हणून सरकारने पैसे दिले. एम्रिस हसला असता. खोकला असता, पण हसला असता.

२१ सप्टेंबर, सोमवार

नेरिस सकाळच्या बसने गेली. पाठीवर पिशवी, पिशवीत बापाची छिन्नी. गाडी चालवणाऱ्या नेरिस बसने दार उघडलं आणि ओरडून विचारलं, "काय गं कॉलेज, तिकीट विद्यार्थ्याचं द्यायचं का?" बसमधले सगळे हसले. नेरिसही.

मॉर्विदच्या खुलाशाचा खुलासा या अंकात छापलाय: दोन तुकडे. मी त्यापुढे 'मोठे' असं जोडलं.

मी घरी परत आल्यावर मॉर्विद चहाला आली. फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, "आता तो खाली काढ की. खोटा आहे ना?"

नाही काढला. तीन वर्षांनी खरा होईल. तेव्हा या वयात पुन्हा खिळा कोण ठोकत बसणार?